पत्र्यामागची गाडी

माझी मुलगी नर्स आहे. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात काही वर्षं काढून मागच्या वर्षी ती जर्मनीला निघाली. भाषेची परीक्षा झाली, नोकरी पक्की झाली, व्हिसा आला, आणि निघायच्या आधी थोडे दिवस ती आमच्याकडे, वर्ध्याला नालवाडीत, राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, “आई, एक पूर्ण दिवस तुह्या हवाली. तू म्हणशील तिथं जाऊ.” तिला वाटलं असणार की मी तिला साड्यांच्या दुकानात बसवीन, नाहीतर हिंगणघाटला आत्याकडे नेईन. मी म्हटलं, “पार्कात जाऊ.”

“कोणत्या?”

“तोच. नागपूर रोडवरचा. पाळण्यांचा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आई, मी पंचवीस वर्षांची आहे न.”

“मी बावन्नची आहे. मले लाज नाई वाटून राह्यली, तुले काऊन वाटते?”

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. ती दुसरीत असताना तो पार्क नवा नवा उघडला होता. आम्ही तिघं गेलो होतो, मी, ती आणि तिचे बाबा. पार्कात लाल डब्यांची एक छोटी गाडी होती. झाडांमधून एक फेरी मारायची आणि शेवटी सिमेंटच्या बोगद्यातून बाहेर पडायची. बोगद्यात अंधार झाला तशी पोरगी माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, “आई, मी मोठी झाली तरी तुह्यापाशीच राहीन.” सगळीच पोरं कधी ना कधी हे म्हणतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, लहान पोरांचा शब्द किती दिवस टिकतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी ते वाक्य मी जपलं. पुण्याला तिचं कॉलेज सुरू झालं तेव्हा ते मला आठवलं, तिची पहिली नोकरी लागली तेव्हा आठवलं, आणि व्हिसा आल्याचा तिचा फोन आला तेव्हा तर ते डोक्यातून हलेचना.

तिनं जाऊ नये असं मी म्हणणार नव्हते. पोरगी स्वतःच्या कष्टानं तिथवर पोचली, तिच्या पायात मी कशाला घोटाळू? मला एवढंच हवं होतं की त्या गाडीत आम्ही शेजारी बसावं आणि ते तिचं तिला आठवावं. मी आठवण करून द्यायची नाही. तिनं म्हणावं, “आई, मी इथं तुले काय म्हटलं होतं माहीत आहे?” मग आम्ही दोघींनी हसावं, आणि मग तिनं खुशाल विमानात बसावं. जाताना ती माझं काहीतरी घेऊन जाणारच होती, तर ते हे असावं अशी माझी इच्छा होती.

ऑक्टोबर चालू होता, कोजागिरी तोंडावर आली होती. आमच्याकडे हे दिवस भुलाबाईचे. पोरी संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा समोर धरते. आत खाऊ काय आहे ते पोरींनी ओळखायचं. डबा हलवायचा, कान लावायचा, वास घ्यायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि ओळखला की जेवढे हजर तेवढ्यांचा वाटा. आवाज होऊ नये म्हणून माझी आई डब्यात फडकं कोंबायची, मीही तेच शिकले. आता आमच्या गल्लीत भुलाबाई बसवणारं एखादंच घर उरलं आहे, पोरींना संध्याकाळी ट्यूशन असते. माझा हात मात्र सवयीचा गुलाम. त्या सकाळी मी गोड सारणाच्या सांजोऱ्या तळल्या, निवू दिल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि वरून फडकं कोंबलं.

तिचे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये आहेत. कापसाचा हंगाम उघडायच्या बेतात होता, मशिनी तपासायचं काम त्यांच्या मानेवर होतं, त्यामुळे ते आले नाहीत. आम्ही दोघी एसटीनं निघालो. सेलू गेलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं आणि फुटायला लागलेली कापसाची पऱ्हाटी. खिडकीपाशी ती बसली होती. मी मनातल्या मनात शाळेतल्या पोरीसारखी खूश होते.

फाटकावर पहिलं घोडं पेंड खायला लागलं. तिथला गार्ड पन्नाशीचा असेल, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. त्यानं माझी पिशवी उघडली.

“ताई, बाहेरचं खानं अंदर चालत नाई.”

“भाऊ, हे खाणं नाई, खाऊ आहे.”

“काय आहे याच्यात?”

“ओळखा,” मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं निघालं माझं मलाच कळलं नाही. डबा माझ्या हातात, समोरचा माणूस झाकणाकडे बघतोय आणि दिवस भुलाबाईचे, दुसरं काय निघणार? पोरीनं कपाळावर हात मारला. मागं रांगेत नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांना वाटलं बाईला ऊन लागलं. पण गार्ड हसला नाही. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “चिवडा.”

“आवाज आला का चिवड्याचा?”

“नाई आला.” त्यानं पुन्हा हलवला. “लाडू.”

“लाडू गडगडत नाई का?”

“हे तं कायच नाई वाजून राह्यलं.” तो विचारात पडला. मग त्याला स्वतःची ड्यूटी आठवली. “ताई, डबा इथंच राहीन. जेवाच्या टायमाले बाहेर या, खा, पुन्हा अंदर जा. हातावर शिक्का मारून देतो.”

“सांभाळून ठेवजा. पोरगी परदेशात चालली माही, तिच्यासाठी केलं आहे.”

“ठेवतो न. मी आंजीचा आहे, मोठ्या आंजीचा. खाऊचा डबा नाई हरवत माह्याजवळून.”

आत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की आपण पार्कात नाही, बांधकामावर आलो आहोत. डाव्या हाताला गिट्टीचा ढीग, उजव्या हाताला रेतीचा. पूर्वी जिथं कारंजं होतं तिथं मिक्सर फिरत होता. लाटांच्या तलावातलं पाणी काढून टाकलं होतं आणि तळाशी बसून दोन माणसं फरशी ठोकत होती. कुठेतरी जमीन फोडायचं मशीन चालू होतं, ते थांबलं की लाउडस्पीकरवर गाणं, गाणं थांबलं की मशीन. मुरुमाची धूळ अशी उडत होती की आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांच्या दातात करकर वाजत असेल. आणि दर दहा पावलांवर पाटी, ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमा मागणारा मात्र कुठे दिसेना. तिकिटाच्या खिडकीवर यातलं चकार शब्दानं कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिकीट मात्र सबंध पार्काचं घेतलं होतं.

“आई, होते असं. काम तं करावंच लागते न त्याइले,” पोरगी म्हणाली.

“करावं न. आपण सोडून दुसरं कोणी आलं का करावं.”

मी तडक गाडीकडे निघाले. रस्ता मला पाठ होता, कडुनिंबाच्या रांगेनं जायचं, छोटं स्टेशन लागतं. कडुनिंब होते. स्टेशनाच्या जागी निळे पत्रे उभे होते, माझ्या डोक्याहून हातभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर लिहिलं होतं, ‘टॉय ट्रेन, नूतनीकरण सुरू.’ नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही. दोन पत्र्यांच्या फटीला मी डोळा लावला. पलीकडे मिक्सरची पाठ आणि विटांचा थर, बाकी काही दिसलं नाही.

तिथं गळ्यात ओळखपत्र घातलेला एक सुपरवायझर वॉकीटॉकीवर बोलत होता. मी त्याला शाळेच्या आवाजात हाक मारली. तो दचकून आलाच.

“ही गाडी कधी सुरू होणार?”

“दिवाळीनंतर मॅडम. एकदम नवीन येत आहे, एसी डबे. तेव्हा या.”

“दिवाळीनंतर ही इथं नसणार.”

त्यानं माझ्या पोरीकडे पाहिलं. “मग पुढच्या वर्षी या,” तो म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. पुढच्या वर्षी. ज्याचं कोणी कुठे जायचं नाही त्याला पुढचं वर्ष किती सोपं. मी त्याला बरंच ऐकवलं. गिऱ्हाइकाला आधी सांगायची पद्धत असते, एवढी धूळ पोरांच्या छातीत जाते, पाणी तरी मारा, आणि एसी डबे करून झाडांचा वारा कुठून आणणार आहात. तो “हो मॅडम, हो मॅडम” करत मागे सरकत गेला आणि वॉकीटॉकी वाजल्याचं निमित्त करून पळाला. पोरगी तोंड फिरवून हसत होती.

मग आम्ही हिंडलो. आकाशपाळणा बंद होता, त्याचे पाळणे काढून खाली रांगेनं ठेवले होते. कपबशीच्या पाळण्यात बसलो, तिचे गुडघे हनुवटीला टेकले, मला गरगरलं. भुताच्या घरात दिवे लागलेले होते, आत रंगारी होते. एका बाकावर बसलो तर तिचा फोन वाजायला लागला, जर्मनीच्या दवाखान्याकडून काहीबाही विचारणा होती, ती उभी राहून तिकडच्या भाषेत बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. ते शब्द बोलताना तिच्या ओठांची ठेवण वेगळी होत होती, आणि मला वाटलं की ही तर निम्मी गेलीसुद्धा. माझ्याजवळ हा एक दिवस, त्यातलीही सकाळ पत्र्यांनी खाल्ली. डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून मी पदरानं पुसले, धूळ होतीच म्हणून खोटंही ठरलं नाही.

जेवायच्या वेळी आम्ही फाटकावर गेलो. गार्ड आमची वाटच बघत होता. डबा त्यानं खुर्चीखाली पाण्याच्या कॅनच्या सावलीत ठेवला होता.

“ताई, सकाळपासून चारदा हलवला. आवाज नाई, वास नाई. मले चार बहिणी, भुलाबाईत मीच जात होतो त्याइच्या मागं मागं. आवाज नाई आला म्हंजे बाईनं फडकं कोंबलं. फडकं कोंबलं म्हंजे वस्तू तळलेली आहे, मोडू नये. अन् पोरगी दूर चालली म्हणता तुमी. दूर जाणाऱ्या पोरीले माय चिवडा नाई देत.” त्यानं झाकणावर टिचकी मारली. “सांजोऱ्या.”

मी पोरीकडे पाहिलं, पोरीनं माझ्याकडे. दिवसभरात पहिल्यांदा मला मोकळं हसू आलं. मी म्हटलं, “उघडा मग. ओळखणाऱ्यानं उघडायचा.”

“इथं नाई, साहेब पाह्यते. अन् तुमी रोडावर बसून खासान का? या माह्यासंगं.”

खाऊ ओळखल्यावर जेवढे हजर तेवढ्यांचा वाटा, हे त्याला सांगावं लागलं नाही. फाटकाच्या बाजूनं भिंतीला धरून एक वाट होती, मजुरांची. आपल्या जागी दुसऱ्याला उभं करून तो पुढे चालला. वाट कडुनिंबांच्या मागून वळली आणि आम्ही निळ्या पत्र्यांच्या आत निघालो, जिथं सकाळी मी फटीला डोळा लावला होता त्याच्या पलीकडच्या बाजूला.

मिक्सर बंद होता, जेवणाची सुट्टी होती. पाच-सहा माणसं-बायका सावलीत भाकरीची गाठोडी सोडून बसली होती. बोगदा तोडला होता, त्याच्या एका बाजूची कमान तेवढी उभी होती. रूळ उखडून एकावर एक रचले होते. आणि कडेला, विटांवर टेकवून, तेच लाल डबे. उन्हानं लाल रंगाचा गुलाबी झाला होता. पहिल्या डब्यात सिमेंटच्या गोण्या होत्या, दुसऱ्यात फावडी. तिसरा रिकामा होता.

गार्डनं झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं, सगळ्यांना एकेक सांजोरी वाटली, आणि स्वतःची अर्धी तोंडात धरून म्हणाला, “वेलदोडा आहे न याच्यात? मंग वास काऊन नाई आला बाप्पा?” आणि ड्यूटीवर परत गेला. जेवणाऱ्यांमधल्या एका बाईनं आम्हाला तिसऱ्या डब्याकडे हात केला, तिथं सावली आहे, बसा. मी आत चढले. बाकडं इतकं लहान होतं की आमचे खांदे एकमेकींना चिकटले. माझं काळीज लग्नातल्या वाजंत्रीसारखं वाजत होतं. गाडी चालणार नव्हती, बोगदा नव्हता, पण जागा तीच होती, आणि बाजूला तीच होती.

मी वाट पाहिली. ती सांजोरी खात होती, बोटं चाटत होती, एका मजूर बाईच्या बाळाकडे बघून तोंडं करत होती. मी आणखी वाट पाहिली. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

“काई आठवते का?”

“काय?”

“या गाडीत बसलो होतो आपण. तू दुसरीत होती.”

तिनं डबा नीट पाहिला. पुढे, मागे, छताकडे. खरंच प्रयत्न केला तिनं, मला दिसत होतं. “नाई गं आई. खोटं कायले सांगू? येताना बसमध्ये मले उलटी झाली होती, ते आठवते. गाडी नाई आठवत.”

“बोगदा?”

“नाई.”

एवढी वर्षं मी जे सांभाळलं होतं ते तिच्याकडे नव्हतंच. तिनं हरवलं असतं तर मी भांडले असते, पण तिनं ते कधी ठेवलंच नव्हतं, तिच्याशी काय भांडणार? मी सांगू शकत होते. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण मी सांगितलं असतं तर ती हसली असती, वाईट वाटून घेतलं असतं, मला जवळ घेतलं असतं, आणि ते सगळं मी मागून घेतल्यासारखं झालं असतं. मी ते गिळलं. आणि गिळलं की माझा राग नेहमीच दुसऱ्या वाटेनं बाहेर येतो.

“मंग तुले माह्यं आठवते तरी काय?” मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला, जेवणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

तिला राग आला नाही. ती विचार करत होती, खऱ्या प्रश्नाला करतात तसा.

“तुहा हात,” ती म्हणाली.

“हात काय?”

“तू शाळेतून आली का चप्पल काढायच्या अगोदर मले जवळ बोलवत होती, अन् उलटा हात कपाळाले लावत होती. ताप आहे का म्हणून. रोज. ताप नसला तरी. तुह्या हाताले खडूचा वास येत होता.”

मला हे आठवत नव्हतं. मी आठवायला लागले. शाळेतून यायचे हे खरं, संध्याकाळ झालेली असायची, बाकी कपाळबिपाळ काही आठवेना. लहानपणी ती नेहमी आजारी पडायची, त्यातून लागलेली सवय असेल. सवय कोण लक्षात ठेवतं.

“वार्डात मशीन आहे न, सेकंदात सांगते ताप किती तो,” ती म्हणाली. “तरी ड्यूटी सुरू झाली का प्रत्येकाच्या कपाळाले मी आधी उलटा हात लावतो. बाकीच्या सिस्टर हसतात मले. एक म्हातारी होती, तिले तापबिप काई नव्हता, तरी मी दिसली का डोकं पुढं करत होती.”

पत्र्यापलीकडे लाउडस्पीकर सुरू झाला, जेवणाची सुट्टी संपत आली होती. माणसं उठून भांडी धुवायला लागली. मी एवढंच विचारलं, “तिकडं चालंन का असं? तिकडचे लोक हात लावू देतात का?”

“विचारून लावीन,” ती म्हणाली.

“मले लाव मंग.”

ती आधी हसली, मग तिनं सांजोरीचा हात ओढणीला पुसला, उलटा केला आणि माझ्या कपाळावर ठेवला. तिचा हात थंड होता. मिक्सर घरघरायला लागला, धूळ पुन्हा उडाली, कोणीतरी आम्हाला बाहेर व्हा म्हणून ओरडलं. मी डोळे मिटून घेतले.

“नाई ताप,” ती म्हणाली आणि हात काढायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. “नीट पाह्य,” मी म्हटलं. “असंन थोडा.”